यवसुरेची जगप्रदक्षिणा

सुशिक्षित घरांत कांहीं विषय असे असतात, कीं त्यांची वाच्यता माजघरांत होत नाहीं आणि ओसरीवरहि होत नाहीं. मद्य हा त्यांपैकींच एक. ज्या काळीं घरांतील सारीं माणसें एकाच गांवीं राहत आणि एकाच पंक्तीला जेवीत, त्या काळीं या मौनानें कोणाचें फारसें अडत नसे. आज स्थिति निराळी आहे. वऱ्हाडांतील एखादें एकत्र कुटुंब घ्या. त्यांतला एक मुलगा म्यूनिकला यंत्रशास्त्र शिकत असतो, एक भाची डब्लिनला संगणकाच्या कचेरींत असते, एक पुतण्या पुण्यासच राहून परदेशी मंडळींबरोबर काम करीत असतो. ज्या समाजांत हीं मुलें वावरतात, तेथें जेवणाच्या टेबलावर बीअरचा पेला असणें हें आपल्याकडे ताकाचा पेला असण्याइतकेंच साधें मानलें जातें. मुलें सुटीला घरीं आलीं म्हणजे याविषयीं बोलत नाहींत, आणि वडील माणसें विचारीत नाहींत. जें बोलावयाचें नाहीं, तें हळूहळू लपवावयाचें होतें. आणि लपविण्याची ही संवय घराला फार महाग पडते.

म्हणून या पेयाची भलावण न करतां, आणि त्याच्या नांवानें बोटेंहि न मोडतां, एकदां त्याची सरळ ओळख करून घ्यावी असें मनांत आलें. प्रस्तुत लेखकाचें मूळ घर कारंजा तालुक्यांतील धनज येथें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा अकोल्यांतून वेगळा निघाला, त्यापूर्वीं आम्ही अकोला जिल्ह्याचे म्हणवीत होतों. उभें आयुष्य रसायनशास्त्र शिकविण्यांत गेलें. गेल्या हिवाळ्यांत पुण्याच्या पुतण्याकडे पांच देशांच्या सहा बाटल्या जमल्या. घरांतील प्रौढ मंडळींपैकीं ज्यांची इच्छा होती त्यांनीं त्या चाखल्या. मींहि वही-पेन्सिल घेऊन बसलों आणि प्रत्येकीचे दोन-दोन घोट घेतले. तीं टिपणें, आणि त्यांना जोड म्हणून केलेलें वाचन, यांच्या आधारें पुढील मजकूर लिहिला आहे.

नांव नवें, वस्तु जुनी

बीअर म्हणजे धान्य आंबवून केलेलें मद्य. द्राक्षांची ती वाइन, धान्याची ती बीअर. आणि असलें आंबवण ऊर्ध्वपातनानें गाळलें म्हणजे ब्रँडी, व्हिस्की इत्यादि तीव्र मद्यें होतात. ‘दारू’ या एकाच शब्दांत हें सर्व कोंबल्यानें आपल्याकडे पुष्कळ घोटाळा होतो. मनुस्मृतिकारानें मात्र तो केलेला नाहीं. गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी आणि मधापासून अथवा मोहाच्या फुलांपासून केलेली ती माध्वी, असे सुरेचे तीन प्रकार तेथें सांगितले असून तिन्ही ब्राह्मणांस वर्ज्य ठरविले आहेत. बीअर ही यांतील पैष्टी होय.

परंतु त्याहून जुन्या श्रौत वाङ्मयांत याच पैष्टीची कृति सविस्तर आढळते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सौत्रामणी नांवाच्या यागांत सुरेची आहुति असे. त्या सुरेसाठीं लागणारें साहित्य शतपथ ब्राह्मणांत दिलें आहे: शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव, लाजा म्हणजे लाह्या, आणि नग्नहु म्हणजे आंबविण्याचें विरजण. हें मिश्रण तीन रात्रीं ठेवीत. यांतील ‘मोड आलेलें धान्य’ हा भाग महत्त्वाचा आहे. इंग्रज ज्याला माल्ट म्हणतो, तें हेंच. पुढें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार तेथें दिले असून, मेदकासाठीं एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असें प्रमाणहि सांगितलें आहे. म्हणजे मेदक ही तांदळाची बीअरच झाली. तेव्हां ही वस्तु आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती म्हणून त्यांनीं ती टाळली, असें म्हणतां येत नाहीं. त्यांना ती पुरती ठाऊक होती, आणि ठाऊक असूनच त्यांनीं तिला घराबाहेर केली.

इतर प्राचीन राष्ट्रांचीहि हीच कथा आहे. मेसोपोटेमियांत निंकासी ही बीअरची देवता होती. इसवी सनापूर्वीं सुमारें १८०० या काळांतील तिच्या एका स्तोत्रांत बीअर करण्याची रीतिच गुंफलेली आहे. त्याच भूमींतील हम्मुराबीच्या कायद्यांत, मापांत लबाडी करणाऱ्या गुत्तेवालीस शिक्षा सांगितली आहे. मद्याच्या मागोमाग कायदा येतो, हें त्या काळापासूनचेंच चित्र आहे.

मोडापासून फेंसापर्यंत

बीअर कशी होते, हें समजण्यास प्रयोगशाळा नको. आपलें स्वयंपाकघर पुरे आहे. तान्ह्या मुलासाठीं नाचणीचें सत्त्व करतांना आपण नाचणी भिजवून तिला मोड आणतों, मग वाळवून दळतों. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षां पातळ व गोडसर होते, हें प्रत्येक गृहिणीच्या अनुभवाचें आहे. याचें कारण असें, कीं बीज अंकुरतांना त्यांत एक पाचक द्रव्य निर्माण होतें, आणि तें पिठूळ अंशाचें साखरेंत रूपांतर करूं लागतें. पायां आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं १८३३ सालीं हें द्रव्य माल्टमधून वेगळें काढून त्यास डायास्टेज असें नांव दिलें.

बीअरसाठीं सातूला, म्हणजे जवाला, असेच मोड आणतात. मग ते भट्टींत वाळवितात. कमी भाजले तर पेय सोनेरी होतें, अधिक भाजले तर तांबूस किंवा काळें. भरडलेले हे जव ऊन पाण्यांत ठेवले म्हणजे त्यांतील पीठ गोड होतें. तें गोड पाणी गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या शंकूसारख्या फुलोऱ्यासह उकळतात. हॉपमुळें कडवटपणा व सुवास येतो, आणि पेय लवकर नासत नाहीं. निवल्यावर त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. किण्व साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायु निर्माण करतें. फेंस येतो तो या वायूचा. इडलीचें पीठ फुगतें त्यांतहि सूक्ष्म जीवांचें असेंच काम चाललेलें असतें, फक्त तेथें मद्यार्क नाममात्र असतो.

किण्वाच्या दोन मुख्य जाति आहेत. एक उबदार हवेंत वर तरंगून झपाट्यानें काम करते. तिच्यापासून एल होते. दुसरी थंडींत, तळाशीं बसून, सावकाश काम करते; तिच्यापासून लागर होते. जर्मन भाषेंत ‘लागर्न’ म्हणजे सांठवून ठेवणें. बव्हेरियाचे लोक थंड तळघरांत आठवडेच्या आठवडे बीअर मुरवीत, त्यावरून हें नांव पडलें. याच बव्हेरियांत १५१६ सालीं असा नियम झाला, कीं बीअरमध्यें सातू, हॉप व पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये. त्यांत किण्वाचा उल्लेख नाहीं, कारण किण्व ही काय वस्तु आहे हें त्या काळीं कोणालाच माहीत नव्हतें.

सहा पेल्यांची परीक्षा

चाखणें आणि पिणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. चाखणाराला थोडें पुरतें; पिणाराला कितीहि पुरत नाहीं. परीक्षेची रीति अशी: पेला स्वच्छ, निर्मळ पाण्यानें धुतलेला असावा. पेय थंड असावें, परंतु बर्फासारखें नव्हे. अति थंडीनें जीभ बधिर होते आणि दोषहि झांकतात. फिकट व सौम्य प्रकार आधीं, काळे व तीव्र प्रकार शेवटीं घ्यावे. मधून मधून साधें पाणी आणि कोरड्या पावाचा तुकडा घ्यावा. आधीं रंग व फेंस पाहावा, मग वास घ्यावा, मग लहानसा घोट तोंडांत फिरवून गिळावा, आणि मागें राहणारी चव कशी आहे व किती वेळ टिकते, तें टिपावें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॉर्टेन मेलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञानें बीअरच्या रुचि-गंधांचें एक चक्रच तयार केलें. आणि मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जगांतील बीअरांची प्रकारवार मांडणी केली. (हा लेखक निराळा आणि त्याच नांवाचा गवई निराळा, हें सांगितलेलें बरें.)

पहिला पेला चेक देशाचा, पिल्सनर उर्केल. मद्यार्क शेंकडा ४.४. पिल्सेन शहराची बीअर इतकी वाईट निघूं लागली होती, कीं १८३८ सालीं लोकांनीं पिंपेंच्या पिंपें भर चौकांत ओतून दिलीं. मग नागरिकांनीं नवा कारखाना काढला, योझेफ ग्रोल नांवाचा बव्हेरियन कारागीर आणविला, आणि त्यानें ऑक्टोबर १८४२ मध्यें पहिली सोनेरी लागर केली. तेथील पाणी अत्यंत मृदु असून साझ प्रांताचे हॉप जवळच मिळतात. रंग पिंवळा धमक, फेंस दाट. वासाला ओल्या गवताची व ताज्या भाजलेल्या पावाची झांक. शेवटीं मेथीसारखा स्वच्छ कडवटपणा. आज जगांत खपणाऱ्या बहुतेक फिकट बीअरा, आपल्याकडील सुद्धां, याच पेयाच्या दूरच्या नाती आहेत. परंतु आजीचें तेज नातींत उतरलेलें नाहीं.

दुसरा पेला बव्हेरियाच्या वायहेनस्टेफान येथील गव्हाच्या बीअरचा, मद्यार्क ५.४. ही गढूळ असते, कारण किण्व गाळून टाकीत नाहींत. वास घेतांच सर्वांनीं एकदम सांगितलें: पिकलेलें केळें आणि लवंग. तींत केळेंहि नसतें आणि लवंगहि नसते. विशिष्ट जातीचें किण्व जीं द्रव्यें निर्माण करतें, त्यांतलें एक पिकल्या केळ्यांतहि असतें, आणि दुसरें लवंगेच्या अर्काचें जवळचें नातलग असतें. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला यापरती मौज ती कोणती!

तिसरा पेला बेल्जियमच्या हूगार्डन गांवचा, मद्यार्क ४.९. गहूं, संत्र्याची साल आणि धने घालून केलेली ही पांढरट बीअर तेथून जवळजवळ नाहींशी झाली होती. पियेर सेलिस नांवाच्या एका गवळ्यानें १९६६ सालीं ती पुन्हां जिवंत केली. संत्र्याची साल म्हटल्यावर वैदर्भीयाचे कान टंवकारणारच. नागपुरी संत्र्याच्या साली आपण उकिरड्यावर टाकतों, आणि तेथें सालीच्या जिवावर एका गांवाचें नांव जगभर झालें. चव हलकी, किंचित् आंबट. धन्यांचा वास फार सौम्य.

चौथा पेला आयर्लंडचा, गिनेस, मद्यार्क ४.२. आर्थर गिनेस यानें १७५९ सालीं डब्लिनमधील जागा वार्षिक ४५ पौंड भाड्यानें ९,००० वर्षांच्या कराराने घेतली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. रंग जवळजवळ काळा, फेंस सायीसारखा. मोड न आणतां करपेपर्यंत भाजलेल्या सातूचा वास हुबेहूब कॉफीसारखा, किंवा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. काळी दिसते म्हणून ही फार ‘कडक’ असावी, असा सर्वांचा समज होता. वस्तुतः मंडळींत सर्वांत सौम्य हीच. रंगावरून तीव्रता ठरत नाहीं, हा धडा येथें मिळाला.

पांचवा पेला ‘इंडिया पेल एल’ या जातीचा, अमेरिकेंत केलेला. नांवांत इंडिया कां? अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसनची बीअर कंपनी सरकारच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठीं येत असे. हॉप भरपूर घातलेली ही बीअर केपला वळसा घालून येणाऱ्या चार-सहा महिन्यांच्या प्रवासांत नासण्याऐवजीं मुरे. ती मुद्दाम हिंदुस्थानासाठीं शोधून काढली, अशी दंतकथा आहे; खरें पाहतां असल्या मुरवण्याच्या बीअरा इंग्लंडांत आधींपासून होत्या, आणि समुद्रानें त्यांची परीक्षा तेवढी घेतली. पुढें बर्टन गांवच्या कारखानदारांनीं हा व्यापार ताब्यांत घेतला. अमेरिकन बाटलीला संत्रें, चकोतरा आणि चीडाच्या राळेचा उग्र सुवास होता. कडवटपणा इतका, कीं आमच्या एका बंधूंना गुढीपाडव्याचा कडुनिंब आठवला.

सहावा पेला पुन्हां बेल्जियमचा, शिमे येथील ट्रॅपिस्ट मठाचा, मद्यार्क ९. या पंथाचे साधु स्वतःच्या देखरेखीखालीं बीअर करवितात आणि उत्पन्न मठाच्या चरितार्थास व दानधर्मास लावतात. गर्द तपकिरी रंग. मनुका, सुकें अंजीर, काकवी यांचा वास. घोट गोड, उबदार आणि लांबणारा. रुचीच्या दृष्टीनें सर्वांत श्रीमंत हाच पेला, आणि सर्वांत भिण्याजोगाहि हाच. कारण गोडव्याखालीं तीव्रता कळतच नाहीं.

तुलनेसाठीं आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून खपणारी एक बाटलीहि शेवटीं उघडली होती. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वास नाममात्र, चव गोडसर, आणि घशांत मद्यार्काची जळजळ. परदेशच्या चांगल्या बीअरा चवीवर विकल्या जातात. ही बाटलीवरील आंकड्यावर विकली जाते. भारतांत खपणाऱ्या बीअरींत बहुतांश याच वर्गाची असते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. माझ्या वहींत पहिला क्रमांक बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरला आणि दुसरा पिल्सेनला मिळाला.

पिंपांतून निघालेलें शास्त्र

बीअरच्या धंद्यानें शास्त्राला दिलेलें दान मात्र निर्विवाद आहे. लुई पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. आंबण्याची क्रिया सूक्ष्म जीव घडवितात, आणि नासण्याची क्रियाहि निराळे सूक्ष्म जीवच घडवितात, हें त्यानें त्यांत दाखविलें. कोपेनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यानें १८८३ सालीं एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविलें, आणि मालकांनीं तें गुपित न ठेवतां इतर कारखानदारांसहि दिलें. त्याच प्रयोगशाळेंत सोरेन्सेन यानें १९०९ सालीं अम्लता मोजण्याचें पीएच हें माप बसविलें. आज शेतांतील माती तपासतांना आपला शेतकरी तेंच माप वापरतो. संख्याशास्त्रांत विद्यार्थी जी ‘स्टुडंटची कसोटी’ शिकतात, ती १९०८ सालीं टोपणनांवानें प्रसिद्ध करणारा गॉसेट हा गिनेसच्या कारखान्यांतील नोकर होता; थोड्याशा नमुन्यांवरून मालाचा गुण कसा ठरवावा, या धंद्याच्या अडचणींतून ती निघाली.

आपल्या भूमीवर

महाराष्ट्रांतहि आतां हा उद्योग मोठा आहे. पुण्यास २००९ सालीं सुकेतु तळेकर व प्रतीक चतुर्वेदी यांनीं ‘डूलाली’ नांवाची लहान भट्टी काढली, आणि तेथेंच करून तेथेंच देण्याची चाल महाराष्ट्रांत सुरू झाली. हें नांव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलें आहे. विलायतेस जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणींत कुजणारे गोरे शिपाई वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजींत ‘डूलाली’ म्हणजे डोकें फिरलेला, असा शब्दच रूढ झाला. मद्याच्या दुकानाला हें नांव देणाराच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, कीं त्यांतील सत्याला द्यावी, हें वाचकांनींच ठरवावें.

मोठे कारखाने मराठवाड्यांत, छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हांच्या औरंगाबादच्या) आसपास आहेत. बीअर म्हणजे मुख्यतः पाणी. आणि एक लिटर बीअरसाठीं सुधारलेल्या कारखान्यांतहि धुण्या-निवविण्यासकट तीन-चार लिटर पाणी खर्चीं पडतें. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागत असतां, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तेथील मद्य-कारखान्यांच्या पाण्यांत टप्प्याटप्प्यानें साठ टक्क्यांपर्यंत कपात करावयास लावली. पेल्यांत काय आहे, या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या घागरींतून भरला, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे.

धान्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आमच्या धनजच्या बाजूला पूर्वीं ज्वारी आणि कापूस हीं मुख्य पिकें. आतां सोयाबीननें ज्वारीला मागें सारलें आहे. आफ्रिकेंत ज्वारीची बीअर ही फार जुनी, घरोघर बायकांनीं करावयाची वस्तु आहे. दक्षिण आफ्रिकेंत मका व ज्वारी मिळून केलेल्या अशा आंबट, दाट पेयाला उमकोंबोथी म्हणतात. नायजेरियानें १९८८ सालीं परदेशी माल्टची आयात बंद केली, तेव्हां तेथील मोठ्या कारखान्यांनाहि ज्वारीकडे वळावें लागलें, आणि ज्वारीला नवें गिऱ्हाईक मिळालें. हें वाचून आमच्या शेतकरी बांधवांचे डोळे क्षणभर चमकले. परंतु २००७ सालीं महाराष्ट्र शासनानें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस उत्तेजन देण्याचें धोरण आंखलें, तेव्हां माणसांनीं खावयाचें धान्य भट्टींत घालावें काय, यावरून मोठें वादळ उठलें. ज्वारीला भाव हवा, हें खरें; पण भाकरीच्या तोंडचा घांस काढून नको, हेंहि खरेंच.

आत्याबाईंचा प्रश्न

दिवाळींत धनजच्या घरीं सर्व मंडळी जमलीं असतां हीं टिपणें मीं वाचून दाखविलीं. केळें, लवंग, संत्र्याची साल यांचें वर्णन मुलींनीं मोठ्या कुतूहलानें ऐकलें. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या पलीकडच्या; जपाची माळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “बाळा, तुझ्या त्या पेल्याला केळ्याचा वास येवो कीं लवंगेचा. पण गांवांतल्या ज्या बाईचा नवरा रात्रीं झिंगत घरीं येतो, तिला कसला वास येतो, तें कोणी वहींत लिहिलें आहे काय?”

या प्रश्नाला चाखण्याच्या शास्त्रांत उत्तर नाहीं, आणि तो प्रश्न टाळून हा लेख पुरा करतां येत नाहीं. विदर्भाला त्याचें उत्तर शोधण्याची संवय आहे. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून, गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. गांवोगांवच्या बायकांनीं ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असें मतदान घडवून दुकानें बंद केलीं, तीं पुस्तकें वाचून नव्हेत. बंदीनें चोरटी दारू वाढते, हा आक्षेप खोटा नाहीं. पण त्या बायकांचा अनुभवहि खोटा नाहीं.

आतां थोडा हिशेब. आपल्याकडील मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. तींत शेंकडा ८ मद्यार्क धरला, तर निव्वळ मद्यार्क सुमारें ४१ ग्रॅम होतो. पिल्सेनच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलींत तो सुमारें साडेअकरा ग्रॅम असतो. म्हणजे ‘एकच बाटली घेतली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यांत साडेतीन पटींचें अंतर आहे. जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेनें मद्याला १९८८ सालींच कर्करोगकारक ठरविलें. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें, कीं आरोग्याला निर्धोक असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं. बीअर सौम्य, म्हणून निरुपद्रवी, हा समज या दोन वाक्यांनीं निकालांत निघतो. कायद्याचें म्हणाल, तर १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत अद्याप जारी असून परवान्यावांचून मद्य घेणें नियमांत बसत नाहीं. आणि रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां गाडी चालविणें हा गुन्हा आहे.

घरानें काय करावें

मग घरानें काय करावें? आमच्या घरीं त्या दिवशीं बरीच चर्चा होऊन जें ठरलें, तें येथें सांगतों. इतर कुटुंबांनीं आपापल्या रीतीप्रमाणें त्यांत फेरफार करावा.

पहिली गोष्ट, ज्याला घ्यावयाची नाहीं, त्याला ती कोणत्याहि पंक्तींत न घेण्याची मोकळीक असावी, आणि त्यासाठीं सबब सांगावी लागूं नये. परदेशीं गेलेल्या मुलाला, ‘नको, मी घेत नाहीं’ हें वाक्य ताठ मानेनें म्हणतां यावें, एवढें बळ घरानें त्याला द्यावें. जर्मनींतहि आज मद्यार्क जवळजवळ काढून टाकलेली बीअर सर्वत्र मिळते आणि ती मागणारास कोणी हंसत नाहीं.

दुसरी गोष्ट, जो घेतो, त्यानें ती लपवूं नये. घरीं सांगण्याची लाज वाटत असेल, तर ती लाज कां वाटते, याचा त्यानें स्वतःशीं विचार करावा. आणि वडील माणसांनींहि विचारतांना न्यायाधीशाचा आव आणूं नये; मुलगा खरें बोलला, तर त्या खरेपणाची किंमत आधीं ओळखावी आणि उपदेश मागाहून करावा.

तिसरी गोष्ट, लहान मुलांच्या देखत या पेयाची थट्टा किंवा स्तुति, दोन्ही करूं नये. परंतु मुलानें विचारलें, तर मोड आलेल्या सातूपासून कर्करोगापर्यंत सर्व खरें सांगावें. अर्धवट ज्ञानानें जें कुतूहल पेटतें, तें पुऱ्या ज्ञानानें पुष्कळदां शमतें.

चौथी गोष्ट आत्याबाईंच्या प्रश्नाची. आपल्या शेतावर, आपल्या घरीं काम करणाऱ्या माणसाच्या घरांतील मजुरी गुत्त्याकडे जात असेल, तर ती त्याच्या बायकोच्या हातीं किंवा तिच्या खात्यांत पडेल, अशी तजवीज त्या दोघांच्या संमतीनें करतां येते. आमच्या घरानें यंदाच्या हंगामापासून ती सुरू केली आहे. दोन घरांनीं ती आनंदानें मान्य केली, एका घरानें नाकारली. नाकारणाराशीं बोलणें चालूं आहे.